शेतकऱ्यांच्या साथीने निसर्ग सावरताना: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

एका शेताच्या बांधावर झाडं लावली, एक तळं खोदलं, तर त्या शेतापुरतं भलं होतं. पण ओढा दहा जणांच्या जमिनीतून वाहतो, छोट्या रानटी मधमाश्या घरट्यापासून काहीशे मीटरच्या टप्प्यातच फुलं शोधतात, आणि टेकडीवरून सुटलेली माती कुणाची हद्द पाहून थांबत नाही. इंग्लंडमधल्या संरक्षित जागांचा आढावा घेणाऱ्या जॉन लॉटन यांच्या समितीने २०१० मध्ये हेच स्पष्ट सांगितलं: निसर्गासाठी राखलेल्या जागा फार लहान आणि एकमेकींपासून तुटलेल्या आहेत, त्यांची संख्या वाढवा, त्या मोठ्या करा, नीट सांभाळा आणि एकमेकींना जोडा. यातलं शेवटचं काम सर्वांत अवघड, कारण दोन राखीव जागांच्या मधली जमीन बहुतेक वेळा कुणाची तरी शेती असते.

या कामाला झाडांची, गवतांची, पाण्याची जाण लागतेच. ती अभ्यासाने येते. काम अडतं ते माणसांपाशी. जमीन शेतकऱ्याची, तिच्यावरचं कर्ज त्याचं, पीक बुडालं तर तोटाही त्याचाच. मग निर्णय त्याचाच असणार. शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे असे निर्णय एकमेकांना जोडले जावेत, यासाठी खपणं हे आपलं काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: हद्द पाण्याने ठरवा

नकाशा घ्या, एक लहान ओढा निवडा, त्याच्या उगमापासून तो मोठ्या प्रवाहाला मिळतो तिथपर्यंतचं पाणलोट क्षेत्र आखा. प्रशासकीय सीमेपेक्षा ही सीमा बरी, कारण वरच्याने केलेल्या कामाचा परिणाम खालच्याला दिसतो आणि बोलायला सगळ्यांना समान विषय मिळतो. आकाराचा मोह आवरा. इंग्लंडच्या सरकारी ‘लँडस्केप रिकव्हरी’ योजनेची पहिली फेरी ५०० ते ५,००० हेक्टरच्या प्रकल्पांसाठी होती, आणि त्यामागे मोठ्या संस्था व पूर्णवेळ माणसं उभी होती. तुम्ही एकटे-दुकटे असाल तर याहून कितीतरी लहान क्षेत्र घ्या. त्या हद्दीतल्या प्रत्येक घरी वर्षातून दोन-तीनदा निवांत जाता येईल का, एवढं स्वतःला विचारा. उत्तर नाही असेल तर रेघ आत ओढा.

पायरी २: जमीन कुणाची आणि वापर कुणाचा, हे वेगवेगळं लिहा

कागदावरचा मालक आणि जमिनीवर राबणारा माणूस अनेकदा एक नसतो. मालक परगावी, शेती वाट्याने किंवा खंडाने दुसऱ्याकडे. भावांची वाटणी झालेली, पण नोंद एकाच्याच नावावर. पिकं निघाल्यावर त्याच शेतात जनावरं चारणारा तिसराच. बांधावरचं सरपण, ओढ्याकाठची औषधी पाने, माळावरचं गवत नेणाऱ्या बायका तर कुठल्याच कागदात सापडत नाहीत. या सगळ्यांची वही करा. ज्याचं नाव वहीत राहून गेलं, त्याचा विरोध पुढे हमखास आडवा येतो, आणि तो रास्त असतो.

झाडावर हक्क कुणाचा, हेही याच टप्प्यावर विचारून घ्या. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये वसाहतकाळापासून चालत आलेल्या नियमांनुसार शेतातलं झाडही सरकारचं मानलं जाई. तोडलं तर दंड आणि वाढवलं तर आपला फायदा नाही, अशी स्थिती असल्यावर शेतकरी उगवणारं रोप मोठं होऊच देत नसे. पुढे अंमलबजावणी सैल झाली, शेतातलं झाड आपलं आहे असा भरवसा आला, तेव्हा झाडं राहू लागली. खंडकऱ्याचा प्रश्नही तसाच आहे: ज्याचा करार दर वर्षी संपतो, त्याने दहा वर्षांनी सावली देणारं झाड का जपावं? अशा वेळी आधी मालकाशी बोलून खंडाची मुदत वाढवून घेणं, हेच निसर्गाचं काम समजा.

पायरी ३: पहिली भेट

या पायरीला घाई केली तर पुढचं सगळं डळमळतं, म्हणून इथे जरा थांबतो.

पेरणी-कापणीच्या धांदलीत जाऊ नका. ओळखीच्या माणसाला बरोबर घ्या. शक्यतो तो स्वतः शेतकरी असावा. कोरे अर्ज, छापील पत्रकं, टॅब्लेटवरचे नकाशे पहिल्या दिवशी बाहेर काढू नका. सही मागणारा अनोळखी माणूस दिसला की कुणालाही जमीन जाण्याची भीती वाटते, आणि ही भीती अनुभवातून आलेली असते. घरात बसून बोलण्यापेक्षा शेत दाखवायला सांगा. चालताना माणूस मोकळा होतो, आणि ओढा कुठे फुटतो, पाणी कुठे साचतं, कुठल्या कोपऱ्यात काही पिकत नाही, हे बोट दाखवून सांगतो.

विचारायचं काय? “तुम्ही लहान असताना हा ओढा किती महिने वाहायचा?” “पूर्वी इथे कोणते पक्षी दिसायचे?” “कुठल्या तुकड्यात घातलेलं खत-बियाणंही वसूल होत नाही?” “पुढची पिढी शेती करणार का?” शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लक्ष देऊन ऐका. वारस शेतीत राहणार असेल तर माणूस वीस वर्षांचा विचार करतो. नसेल तर तो विकण्याचा विचार करत असतो, आणि तसं असेल तर तुमची योजना वेगळी ठरते.

घरातल्या बाईशी स्वतंत्र बोलणं व्हायलाच हवं. पाणी आणणं, चारा, सरपण हे भार तिच्यावर असतात, आणि चराई थांबली किंवा झाडतोड बंद झाली तर वाढलेले कष्टही तिच्याच वाट्याला येतात. पुरुषांच्या बैठकीत झालेला ठराव घरात मोडतो तो बहुधा इथेच.

तुमच्या तोंडून काय जाऊ नये, तेही सांगतो. “तुम्ही रसायनं मारून जमिनीचं वाटोळं केलंत” हे वाक्य कितीही पटत असलं तरी म्हणू नका. ज्या पद्धतीने तो शेती करतो ती त्याला सल्लागारांनी, बाजाराने आणि सरकारी धोरणांनीच अनेक वर्षं शिकवली आहे. आणि पैसे, योजना, नोकरी यांचं वचन हातात काही नसताना देऊ नका. “मला ठाऊक नाही, विचारून सांगतो” हे उत्तर चालतं, फक्त विचारून खरंच सांगायला हवं.

वरून नियम लादले तर काय होतं, याचं उदाहरण न्यूयॉर्कचं. शहराचं पिण्याचं पाणी कॅट्स्किल डोंगरातल्या शेतांमधून येतं. १९९० मध्ये शहराने पाणी स्वच्छ राखण्यासाठी शेतीवर कडक नियमांचा मसुदा आणला, तेव्हा शेतकरी संतापून उठले. बोलणी झाली आणि मार्ग बदलला: शेतकऱ्यांच्या पुढाकाराची परिषद, प्रत्येक शेतासाठी त्या शेतकऱ्याबरोबर बसून केलेला आराखडा, खर्च शहराचा, सहभाग ऐच्छिक. बहुसंख्य शेतकरी आपणहून आले.

पायरी ४: हिशेब त्याच्या बाजूने मांडा

“निसर्गाचा फायदा” हा शब्द घरखर्चात बसत नाही. वहीत दोन रकाने करा. एकीकडे काय जाईल: किती गुंठे पिकाखालून निघतील, किती मजुरी लागेल, जनावरांना चारा कुठून येईल, झाडीत रानडुकरं आली तर किती नासधूस होईल. दुसरीकडे काय मिळेल: मातीची धूप थांबणं, विहिरीला पाणी टिकणं, चारा, सरपण, फळं, परागीभवन, मोबदला असेल तर तो. तोटा आधी लिहा आणि प्रामाणिकपणे लिहा. स्वतःच्या तोट्याची यादी तुमच्या तोंडून ऐकली की शेतकरी तुमचं फायद्याचं बोलणंही ऐकतो.

सुरुवात सर्वांत नापीक कोपऱ्यापासून करा. ओढ्याकाठची चिबड जागा, ट्रॅक्टर वळत नाही तो त्रिकोण, खडकाळ उतार. तिथे त्याचं फारसं जात नाही, आणि निसर्गाला नेमक्या अशाच जागा हव्या असतात.

फ्रान्समधल्या व्हितेलच्या झऱ्यांचं पाणी बाटल्यांत भरून विकलं जातं. १९८० च्या दशकात आसपासच्या शेतीतून नायट्रेट (खतांतून येणारं, जास्त झालं की पाणी बिघडवणारं रसायन) जमिनीत उतरू लागलं. कंपनीने कृषी संशोधकांना बरोबर घेऊन शेतकऱ्यांच्या अडचणी काही वर्षं अभ्यासल्या. मग मका सोडणं, कीटकनाशकं न वापरणं यांच्या बदल्यात १८ किंवा ३० वर्षांचे करार, भरपाई, आणि कंपोस्ट पसरायला मोफत मजूर असं ठरलं. शेतकऱ्यांचा विश्वास बसायला सुमारे दहा वर्षं लागली. माझ्या मते त्या कराराचा कणा पैशापेक्षा मुदतीत आणि मजुरांत होता, कारण शेतकऱ्याला खरी टंचाई हातांची आणि खात्रीची होती.

हरयाणातल्या सुखोमाजरीची गोष्ट तर प्रत्येक नव्या कार्यकर्त्याने समजून घ्यावी. चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरत होता. १९७० च्या दशकात पी. आर. मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की गाळ येतो तो वरच्या उघड्या टेकड्यांवरून, आणि टेकड्या उघड्या पडल्या आहेत चराईने. गावाजवळ पाणी अडवून शेतीला दिलं, तेव्हा लोकांनी जनावरं टेकड्यांवरून आपणहून मागे घेतली. पण ज्यांच्याकडे जमीन नव्हती किंवा फार थोडी होती, त्यांना पाण्याचा काय उपयोग? त्यांनी टेकडी का सोडावी? तोडगा निघाला तो असा की जमीन असो वा नसो, प्रत्येक घराला पाण्यात सारखा वाटा. नको असेल त्याने तो दुसऱ्याला विकावा. त्यानंतर टेकडीवर काटेरी कुंपणाची गरज उरली नाही, राखण गावानेच केली.

पायरी ५: तिथे मुळात काय होतं, ते ओळखा

निसर्ग सावरणं म्हणजे झाडं लावणं, ही समजूत सर्वांत नुकसानकारक आहे. गवताळ माळ, दलदल, खडकाळ पठार, पूरमैदान यांचं स्वतःचं जीवन असतं, आणि दाट वृक्षलागवडीने ते मरतं. कच्छमधलं बन्नी हे मोठं गवताळ कुरण. रणाचा खारेपणा पसरू नये म्हणून १९६० च्या दशकात तिथे परदेशी काटेरी झाड, वेडी बाभूळ, लावलं गेलं. ते इतकं पसरलं की मालधारी पशुपालकांचं गवतच त्याने गिळलं. जुनी माणसं, जुने नकाशे, देवस्थानाच्या किंवा स्मशानाच्या आसपास उरलेला झाडोरा यांतून त्या जागेची मूळ ओळख शोधा, आणि एखादा वनस्पती-जाणकार शेतात घेऊन जा.

मग हा क्रम धरा: आधी जे बिघडवतं ते थांबवा, मग जे आपोआप येतं त्याला येऊ द्या, आणि तरीही जे येत नाही तेवढंच बाहेरून आणा. खर्चाचा विचार केला तरी हाच क्रम योग्य आहे.

नायजरच्या मराडी भागात १९८० च्या सुमारास ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो वृक्षलागवड करत होते आणि लावलेली बहुतेक रोपं मरत होती. शेतातली खुरटी झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांच्या जिवंत बुंध्यांचे फुटवे आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. जमिनीखाली जंगलाची मुळं शाबूत होती. पद्धत साधी: एका बुंध्यावरचे तीन ते पाच सरळ, जोमदार फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, ठेवलेल्यांच्या खालच्या अर्ध्या भागातल्या फांद्या काढायच्या आणि जनावरांपासून राखायचे. छाटलेलं सरपण लगेच हाती येतं. नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर अशी झाडं परत आल्याचा अंदाज आहे, आणि हे बहुतांशी शेतकऱ्याने शेतकऱ्याला शिकवून झालं.

जमीन दगडासारखी टणक झाली असेल, पाणी मुरतच नसेल, तर बुर्किना फासोमधली ‘झाई’ची रीत पाहा. याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने तिच्यात सुधारणा करून ती पसरवली. कोरड्या ऋतूत वीत-सव्वावीत रुंद, अर्धा फूट खोल खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत-पालापाचोळा टाकायचा, पावसाबरोबर पेरायचं. खतावर वाळवी येते, ती बोगदे करते, त्यातून पाणी खोल जातं. धान्याबरोबर शेणखतातल्या बिया उगवतात आणि झाडंही येतात. याकुबा आणि रिनॉडो दोघांनाही २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

ओढ्यांच्या बाबतीत काठापासून काही मीटर नांगर लागू न देणं, जनावरांना पाण्यावर जायला एकच पक्की उतरण ठेवणं, आणि सरळ कापून टाकलेल्या प्रवाहाला जमेल तिथे पुन्हा वळणं देणं, एवढ्याने बरंच साधतं.

पायरी ६: तुकडे जोडा

पहिले तीन-चार तयार शेतकरी नकाशावर शेजारी-शेजारी असतील असं नाही. पण दोन जरी लागून असले तरी काम तिथूनच सुरू करा. सलग पट्टा डोळ्यांना दिसतो, आणि मधला शेजारी स्वतःहून चौकशीला येतो. येईपर्यंत त्याच्यावर दबाव आणू नका, त्याच्या शेतावरून वळसा घाला. सगळ्यांनी सगळं करायची गरजही नाही: एकाने बांधावर मिश्र देशी झुडपं वाढवली, दुसऱ्याने ओढ्याचा काठ सोडला, तिसऱ्याने फक्त फवारणीची वेळ बदलली, तरी जीवांना वाट मिळते.

एकमेकांची शेतं दाखवणाऱ्या फेऱ्या भरपूर करा. ऑस्ट्रेलियातली लँडकेअर चळवळ १९८६ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात सुरू झाली, तेव्हा मंत्री जोन कर्नर यांच्या बरोबरीने शेतकरी महासंघाच्या अध्यक्ष हेदर मिचेल उभ्या होत्या. गट शेतकऱ्यांचे, प्रश्न त्यांनी ठरवलेले, सरकार आणि संस्था मदतीला. म्हणूनच ती देशभर पसरली असं मला वाटतं.

पायरी ७: कागद

तोंडी भरवसा पुरेसा वाटतो, पण माणसं बदलतात, जमीन विकली जाते, वारसांत वाद होतात. करार शेतकऱ्याच्या भाषेत, दोन-तीन पानांचा करा. त्यात असावं: कोणता तुकडा (नकाशासह), काय करायचं आणि काय करायचं नाही, किती वर्षं, पैसे कोण, केव्हा आणि कशावर देणार, दुष्काळ-पूर आला तर काय, मध्येच बाहेर पडायचं तर कसं. जमिनीच्या मालकीवर कराराचा काहीही परिणाम होत नाही हे वाक्य ठळक लिहा. सही करण्याआधी शेतकऱ्याला कागद घरी नेऊ द्या, त्याच्या विश्वासातल्या वकिलाला दाखवू द्या.

पैसे कृतीवर द्यायचे की निकालावर? निकालावर द्यायला तत्त्वतः बरं वाटतं, पण पाऊस न पडल्याने पक्षी आले नाहीत तर दोष शेतकऱ्याचा नसतो. नव्या गटासाठी मुख्य रक्कम कृतीवर आणि थोडी बक्षीस म्हणून निकालावर, हे मला न्याय्य वाटतं. मोबदल्याचा स्रोतही टिकाऊ हवा. कोस्टा रिकाने १९९६ च्या वनकायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला सुरू केला आणि त्यासाठी इंधनावरच्या कराचा वाटा बांधून दिला. दर वर्षी नव्याने हात पसरावा लागू नये, हा त्यातला शहाणपणा.

सामाईक गोष्टींसाठी, म्हणजे चराई, मासेमारी, पाणी उपसा, लाकूडतोड यांसाठी, वेगळे नियम आणि ते पाळून घेणारी बैठक हवी. राजस्थानात अलवर भागात तरुण भारत संघ या संस्थेच्या साथीने गावांनी १९८० च्या दशकापासून जोहड (पावसाचं पाणी अडवणारे मातीचे तलाव) बांधले, अरवरी नदी पुन्हा वाहू लागली, आणि मग तिच्या खोऱ्यातल्या सत्तराहून अधिक गावांनी ‘अरवरी संसद’ उभी केली. पाणी परत आल्यावर ते कोण किती उपसणार हा झगडा सुरू होतो. नियम त्याच्या आधी ठरलेले बरे.

पायरी ८: मोजणी

पहिलं पान काम सुरू व्हायच्या आधी भरा, नंतर ते भरता येत नाही. खूण केलेल्या ठिकाणांवरून, त्याच दिशेने, त्याच ऋतूत फोटो. विहिरींची पाणीपातळी. ठरावीक वाटेवरून सकाळी चालत दिसलेले-ऐकलेले पक्षी. मुरण्याचा वेग पाहायला दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोकायचा, मोजून पाणी ओतायचं आणि जिरायला लागलेली मिनिटं लिहायची. हे सगळं शेतकऱ्यांच्या आणि शाळकरी मुलांच्या हातून होऊ द्या. याबरोबर शेताच्या उत्पन्नाचे आकडेही नोंदवा, आणि ते खाली गेले तर लपवू नका.

पायरी ९: कटकटी

त्या येणारच. मोकळ्या सोडलेल्या जमिनीत तण माजतं आणि शेजारी चिडतात. इंग्लंडमध्ये नेप इथे सुमारे १,४०० हेक्टरची इस्टेट निसर्गाच्या हवाली केल्यावर अशाच तक्रारी आल्या. हद्दीलगत काही मीटरचा पट्टा कापत ठेवायचं आधीच कबूल करा. वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर भरपाई कोण आणि किती दिवसांत देणार, हे लिखित असू द्या. उशिरा मिळालेल्या भरपाईने लोकांचा धीर सुटतो. आग लागण्याचा काळ येण्याआधी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढा आणि कुणाला फोन करायचा ते ठरवा. एखादा शेतकरी बाहेर पडला तर त्याला मानाने जाऊ द्या, बोलणं चालू ठेवा.

तुमची बदली होईल, संस्थेचा निधी संपेल. म्हणून दुसऱ्या वर्षापासून बैठकीचं अध्यक्षपद, हिशेबाची वही आणि मोजणीची नोंद गटातल्या माणसांकडे सोपवा. तुम्ही पाठीशी असताना त्यांना एक-दोन वर्षं ते चालवू द्या. मूळ नकाशे, करारांच्या प्रती आणि पहिले फोटो गावातच, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा, आणि ते कुठे आहेत हे गटातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.